धाप, दमा आणि त्यापलीकडचे काही

आपल्या सीमाभागात काही शब्द दोन्ही घरी सारखेच नांदतात. 'दम' हा त्यातलाच एक. मराठीत दम लागतो, कानडीत दम हत्तैती. मराठीत दमा, तर कानडीत दम्मु. खोकल्याला केम्मु आणि श्वासाला उसिरु म्हणणारी सून आणि 'पोराची छाती भरलीया' म्हणणारी सासू एकाच पाळण्याशी उभ्या असतात आणि दोघींना एकमेकींचे नीट कळते. लहान मुलाच्या श्वासासाठी आपल्याकडे शब्दांची कमतरता नाही. धाप, घरघर, उबळ, डबा, पोट उडणे, बरगडी आत जाणे असे किती तरी. पण दवाखान्यातून परत येताना बहुधा तीनच शब्द हाती असतात: न्यूमोनिया, बाळदमा किंवा टीबी. शंभरातल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत ते बरोबरही असतात. आजचा लेख त्या तिन्हींत न बसणाऱ्या थोड्या मुलांविषयी आहे.

मी मराठी शिकवणारी बाई, डॉक्टर नव्हे. औषध सांगणे हे माझे काम नाही. पण रोग ओळखण्याच्या वाटेवर शब्दांचे, सांगण्याचे आणि ऐकण्याचे जे काम असते, त्यावर बोलण्याचा मला थोडा हक्क आहे असे वाटते.

या आजारांच्या गटाला इंग्रजी वैद्यकात 'इंटरस्टिशियल लंग डिसीज' म्हणतात. नाव अवघड असले तरी गोष्ट स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने समजेल. तव्यावरच्या आंबोळीला जाळी पडते, ती डोळ्यांपुढे आणा. जाळीची भोके म्हणजे फुफ्फुसातले वायुकोश, हवेची बारीक घरे. भोकांच्या मधला पातळ पापुद्रा म्हणजे 'इंटरस्टिशियम'. हवेतला प्राणवायू या पापुद्र्यातून रक्तात उतरतो. दम्यात हवेच्या नळ्या आवळतात आणि न्यूमोनियात घरांत पू-पाणी साचते. या आजारांत मात्र बिघाड बहुधा पापुद्र्यात किंवा घरांच्या अस्तरात असतो. पापुद्रा जाड झाला, सुजला, ताठर झाला की हवा आत येऊनही प्राणवायू रक्तात पुरेसा उतरत नाही. मग बाळ काय करते? भरभर श्वास घेते. दूध पिता पिता थांबते, घामाघूम होते. खाल्लेले सारे श्वास घेण्यातच खर्च होते आणि वजन वाढत नाही.

असे आजार एकदोन नाहीत, दोनशेच्या वर आहेत. प्रत्येक दुर्मिळ. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ ते १९९८ या काळात झालेल्या पाहणीत दर दहा लाख मुलांमागे ३.६ इतके प्रमाण आढळले. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४८ लाख होती. त्यात पंधरा लाख मुले धरली, तर त्या हिशेबाने जिल्ह्यात पाच-सहा मुले होतात. पण युरोपातल्या नंतरच्या पाहण्यांत हा आकडा बराच वाढलेला दिसतो. रोग वाढला म्हणण्यापेक्षा ओळखणारे डोळे वाढले, असे म्हणणे जास्त बरोबर. तेव्हा आपल्याकडे खरी संख्या पाच-सहाच असेल असे कोणी धरून चालू नये.

या गटातले काही आजार जन्मतःच सोबत येतात. फुफ्फुसातली हवेची घरे श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत म्हणून निसर्गाने आतून साबणाच्या फेसासारखा एक पातळ लेप दिलेला असतो. त्याला 'सरफॅक्टंट' म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा लेप कमी पडतो हे डॉ. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवले. पण पूर्ण दिवसांचे, चांगल्या वजनाचे बाळही जन्मल्यापासून तसेच धापू लागले तर? १९९३ साली अशा बाळांत या लेपातल्या 'बी' नावाच्या प्रथिनाचा अभाव सापडला. २००१ मध्ये 'सी' प्रथिनाच्या जनुकातला दोष आणि २००४ मध्ये 'एबीसीएथ्री' या जनुकातला दोष कळला. म्हणजे आपल्या आज्यांच्या काळात जी बाळे 'नशिबात नव्हते' म्हणून गेली, त्यांतल्या काहींच्या दुखण्याला नावच मुळी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मिळाले.

दुसरा एक प्रकार त्यामानाने सौम्य. त्याचे लांबलचक नाव इंग्रजी आद्याक्षरांनी 'नेही' असे आटोपशीर केले आहे. डॉ. रॉबिन डिटर्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली त्याचे सविस्तर वर्णन छापले. बाळ एरवी हसते-खेळते, पण पहिल्या वर्षातच श्वास भरभर चालू लागतो आणि महिनोन्‌महिने तसाच राहतो. स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. घरी प्राणवायू द्यावा लागतो आणि वाढीबरोबर बहुतेक मुले हळूहळू सावरतात. मुलाची फुफ्फुसे पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने नवी घरे बांधत असतात, हा मोठाच दिलासा. पण हे सारे कळायला रोगाचे नाव कळावे लागते. नाहीतर ज्या औषधाचा उपयोग नाही, तेच वर्षभर पोटात जात राहते.

आमच्या ओळखीच्या एका घरातली हकिगत सांगते. घर निपाणीकडचे, बाळ पाच महिन्यांचे. आईचे माहेर महाराष्ट्रात, तिला कानडी जेमतेम. बाळाला दोनदा न्यूमोनिया म्हणून दाखल केले. डॉक्टरांनी विचारले, "एष्ट दिवसा आतु?" सोबतच्या दिराने सांगितले, "आठ दिवस." उत्तर खोटे नव्हते. सर्दी-खोकला आठच दिवसांचा होता. पण त्या माउलीने जे मला सांगितले ते कागदावर कुठेच नव्हते: "बाई, जन्मल्यापासनंच ह्याचं प्वाट उडतंय. सर्दी नसली तरी उडतंय." दोन आजारपणांच्या मध्ये बाळ कसे असते, हे कोणी विचारले नाही आणि तिला ते सांगायचे असते हे ठाऊक नव्हते. पुढे वाफारे झाले, पंप झाला, फोटोत डाग दिसले म्हणून टीबीचा कोर्स सुरू झाला. वजन तिथेच. अकराव्या महिन्यात मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि आधी आजीला बोलते केले. आजीने मोबाईलवर बाळ झोपेत असताना काढलेला व्हिडिओ दाखवला. अंगावर सर्दी नाही, ताप नाही, तरी बरगड्या आत ओढल्या जात होत्या. तिथून सीटी स्कॅनपर्यंत वाट सरळ गेली आणि निदान 'नेही'चे निघाले. वर्ष-दीड वर्ष घरात प्राणवायूचे यंत्र घुमत राहिले. आज ते पोर शाळेत जाते आणि तक्रार एवढीच, की एका जागी बसत नाही!

यात पहिल्या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. आपल्या भागात लहान मुलाला धाप लागली तर आधी न्यूमोनियाच आठवला पाहिजे, कारण तो तासा-दिवसांत जीव घेऊ शकतो. टीबीही आठवलाच पाहिजे. क्षयाच्या एका प्रकारात फोटोत बारीक बाजरीसारखे ठिपके दिसतात आणि या दुर्मिळ आजारांतही काही वेळा तसेच दिसते. प्रश्न पहिल्या निदानाचा नाही. उपचार पुरते होऊनही मूल सुधारत नसेल, तर 'आणखी काही आहे का' हा दुसरा प्रश्न किती लवकर विचारला जातो, त्याचा आहे.

हा दुसरा प्रश्न कधी विचारावा याचा एक ठोकताळा अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०१३ साली दोन वर्षांखालच्या बाळांसाठी दिला. खोकला, भरभर श्वास यांसारखा त्रास असणे ही एक गोष्ट. तपासताना बरगड्या ओढल्या जाणे, छातीत करकर ऐकू येणे, बोटांची टोके फुगणे, वजन न वाढणे अशी चिन्हे ही दुसरी. रक्तातला प्राणवायू कमी असणे ही तिसरी. एक्स-रे किंवा स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत पसरलेला दोष दिसणे ही चौथी. नेहमीची कारणे वगळल्यावरही या चारांतल्या तीन गोष्टी असतील, तर या आजारांचा शोध घ्यायचा.

'नेहमीची कारणे वगळणे' हेच खरे कष्टाचे काम. हृदयाला छिद्र नाही ना, म्हणून इको. दूध श्वासनळीत उतरत नाही ना, याची तपासणी. प्रतिकारशक्ती कमी नाही ना, म्हणून रक्त. सिस्टिक फायब्रोसिस नाही ना, म्हणून घामातल्या क्षाराची चाचणी. मग पातळ कापांचा सीटी स्कॅन. बाळ हलू नये म्हणून कधी त्याला औषध देऊन झोपवतात, त्याने घाबरून जाऊ नये. 'नेही'सारख्या आजारात स्कॅनमधले चित्र अनुभवी डोळ्याला इतके ओळखीचे असते, की बहुधा पुढे चिरफाड लागत नाही. जन्मजात दोषाची शंका असेल तर रक्तातून जनुकांची तपासणी होते. पूर्वी जे कळायला फुफ्फुसाचा तुकडा काढावा लागे, ते आज अनेकदा चमचाभर रक्तात कळते. दुर्बिणीतून फुफ्फुस धुऊन आलेले पाणी पाहतात. ते दुधासारखे पांढरे आले तर एक अर्थ, त्यात जुन्या रक्ताच्या खुणा आल्या तर दुसरा. एवढ्याने उलगडा झाला नाही, तरच तुकडा काढण्याची वेळ येते.

जुन्या रक्तावरून आठवले. एका आजारात फुफ्फुसात आतल्या आत थोडे थोडे रक्त झिरपत राहते. लहान मूल ते थुंकत नाही, गिळते. बाहेर दिसतो तो फक्त पांढरेपणा. लोहाचे औषध देऊनही मुलाचे रक्त पुन्हापुन्हा उतरत असेल आणि सोबत खोकला-धाप असेल, तर या दोन तक्रारी दोन वेगळ्या डॉक्टरांना न सांगता एकाच डॉक्टरांना एकत्र सांगाव्यात.

आता घरातल्या गोष्टींकडे वळू, कारण काही वेळा रोगाची किल्ली घरातच असते.

पहिली गोष्ट तेलाची. बाळाला न्हाऊ घालताना नाकात तेलाचे थेंब सोडणे, पाय दाबून धरून एरंडेल किंवा तूप पाजणे ही आपल्या दोन्ही भाषांतल्या घरांची जुनी रीत. एरंडेल म्हणा की हरळेण्णे म्हणा, काम तेच. रडणाऱ्या बाळाच्या घशातून ते तेल श्वासनळीत उतरते. तेलाने खोकला येत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. ते फुफ्फुसात साचून राहते आणि तिथे एक वेगळाच न्यूमोनिया होतो. दक्षिण भारतातल्या बाळांत असे रुग्ण आढळल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत १९७० च्या दशकापासून नोंदले गेले आहे. प्रतिजैविकांनी हा बरा होत नाही. 'नाकात तेल घालता का?' या एका प्रश्नाने उलगडा होतो. पण आजी घरी असते आणि दवाखान्यात बाळाचे वडील गेलेले असतात!

दुसरी गोष्ट पाखरांची आणि बुरशीची. मुंबईत २०२५ साली कबुतरखाने बंद करण्यावरून केवढे रण माजले ते आपण वाचले. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या वादात ज्या रोगाचे नाव पुन्हापुन्हा घेतले गेले, तो 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' याच गटातला. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासातून जाते आणि काही माणसांची फुफ्फुसे त्यावर उसळून सुजतात. देशातल्या १९ शहरांतील १,०८४ प्रौढ रुग्णांची एक मोठी नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना हाच रोग होता. मुलेही यातून सुटलेली नाहीत. २०२४ साली दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयात ११ वर्षांच्या एका मुलाला कबुतरांमुळे हाच आजार झाल्याचे निदान झाले. आपल्याकडे कबुतरखाने नसतील, पण माळ्यावर कबुतरे आहेत, परड्यात भिजून बुरसलेला कडबा आहे, कारखान्याजवळ उसाच्या चिपाडांचे ढीग आहेत. बुरसलेला चारा आणि बुरसलेली चिपाडे यांच्या धुळीने मोठ्यांना होणारे आजार जुन्या काळापासून ठाऊक आहेत. खेळणाऱ्या पोराचा खोकला गावाला गेले की थांबतो आणि घरी आले की सुरू होतो, असे दिसले तर ते सांगायलाच हवे.

तिसरी गोष्ट निपाणीकरांच्या जिव्हाळ्याची. तंबाखूने या गावाला पैसा दिला, विडी वळणाऱ्या हजारो बायांच्या चुली पेटवल्या आणि १९८१ चे शेतकरी आंदोलनही दिले. तंबाखूमुळे हे दुर्मिळ आजार होतात असे मी म्हणत नाही. पण ज्या बाळाचे फुफ्फुस आधीच अधू आहे, त्याच्या खोलीत विडीचा धूर नको, चुलीचा नको आणि तंबाखूची धूळही नको, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आणखीही काही आपल्या हातात आहे. बाळाचा श्वास मोजणे. बाळ शांत असताना किंवा झोपेत, पोटावरचे कपडे वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे तो भरभर चालला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या याच मापाने आपल्या आशाताईही मोजतात. ताप, सर्दी नसतानाही मोजा आणि वहीत तारखेनिशी लिहा. मराठीत लिहा, कानडीत लिहा, आकडे दोन्हीकडे वाचता येतात. वजनही त्याच वहीत. मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले, पण मोठ्यांच्या बोटाचा चिमटा तान्ह्याला चालत नाही, त्यासाठी लहान मुलांचे वेगळे साधन लागते. ते दवाखान्यात लावून मागा. आकडा ९० च्या खाली असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूधच ओढत नसेल, तर वही-बिही बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा.

आणि कृपा करून पोटावर बिब्ब्याचा चटका नको. त्याचप्रमाणे सुरू असलेली टीबीची किंवा अन्य औषधे हा लेख वाचून बंद करू नका. डॉक्टरांना एवढेच विचारा: "इतके दिवस झाले, वजन वाढत नाही, श्वास तसाच आहे. हे दुसरे काही असू शकेल का? कोणाला दाखवू?" असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

'कोणाला दाखवू' हा प्रश्न आपल्याकडे आणखी एका कारणाने अवघड होतो. उत्तरेला कोल्हापूर आणि मिरज, दक्षिणेला बेळगाव. त्यापुढे कोणी मुंबई-पुणे गाठतो, कोणी बेंगळूरु. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढले, तेव्हापासून या मुलखातला रोगी कुठल्या राज्याचा हे पाहून डॉक्टर निवडत आलेला नाही. पण उपचाराची कार्डे राज्य पाहतात. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यावरून दोन्ही राज्यांत वाद झाला. तो वाद मी इथे सोडवू शकत नाही. एवढेच सांगते, की निघण्यापूर्वी कोणते कार्ड कुठे चालते हे त्या रुग्णालयात फोन करून विचारा, आणि फाईल एकच ठेवा. एका गावचे कागद दुसऱ्या गावी 'जुने' म्हणून फेकले जातात आणि बाळाचे सुई टोचणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारचे २०२१ चे धोरण आहे आणि त्याखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालयही आहे. जनुकतपासणीचा सल्ला मिळाला तर अशा केंद्राची चौकशी जरूर करावी.

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही तपासणीत दिसत नाही. मामाच्या मुलीशी, आणि कानडी घरांत सख्ख्या मामाशीही, सोयरीक हा आपल्या मुलखाचा रिवाज. अशा नात्यांत आई आणि बाप दोघांकडे एकच सुप्त दोष असण्याचा संभव वाढतो. दोघेही धडधाकट असतात, पण दोघांकडूनही तोच दोष आला तर बाळ आजारी पडते. प्रत्येक गरोदरपणात हा संभव चारांत एक. सरफॅक्टंटचे काही आजार याच रीतीने येतात. म्हणून डॉक्टरांनी 'नवरा-बायको नात्यातले का? घरात पूर्वी तान्ही बाळे गेली आहेत का?' असे विचारले तर लपवू नये. त्या उत्तरावर पुढच्या बाळाचे भवितव्य अवलंबून असते. आणि दोष निघालाच, तर तो दोन्ही घरांकडून निम्मानिम्मा आलेला असतो हे सासरच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे. 'हिच्या पायगुणाने' असे म्हणायला विज्ञानात जागा नाही. रात्र रात्र जागून बाळाचा श्वास मोजणारी तीच असते. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा दिराला नव्हे, तिला आधी बोलू द्या. तिला कानडी येत नसेल तर शेजारणीला सोबत न्या. तिचे बोलणे डॉक्टरांच्या कागदावर उतरले पाहिजे.